नागरी सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्रगत भौतिक व रासायनिक पद्धती : नागपूर-कोराडी प्रकल्पाच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शहराला पुरविल्या जाणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी वापरानंतर सांडपाण्याच्या रूपाने बाहेर पडते, असे अभियांत्रिकी शास्त्रात गृहीत धरले जाते. हे पाणी पुढे कोठे जाते, हा प्रश्न शहरातील नागरिकांना सहसा पडत नाही. मात्र नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या गावांना तो रोज पडतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होते आणि त्यापैकी केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर, म्हणजे सुमारे २८ टक्के पाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया होते. याच अहवालात महाराष्ट्रातील सांडपाण्याचे प्रमाण दररोज ९,१०७ दशलक्ष लिटर, उभारलेली प्रक्रिया-क्षमता ६,८९० दशलक्ष लिटर आणि प्रत्यक्ष प्रक्रिया ४,२४२ दशलक्ष लिटर अशी नोंद आहे. क्षमता असूनही तिचा पूर्ण वापर होत नाही, ही बाब या आकड्यांतून स्पष्ट होते.

वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या नागपूर शहरात या प्रश्नाच्या दोन्ही बाजू एकत्र पाहावयास मिळतात. नाग नदी शहरातील सांडपाणी घेऊन कन्हान नदीला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते आणि हे पाणी भंडारा जिल्ह्यातील गोसेखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते. दुसरीकडे, याच शहराचे सांडपाणी शुद्ध करून कोराडी येथील औष्णिक विद्युत केंद्राला पुरविण्याचा प्रकल्प देशात आदर्श म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्रगत भौतिक व रासायनिक पद्धतींचे स्वरूप, त्यांमागील तत्त्वे व मर्यादा यांचा परामर्श घेऊन, कोणती पद्धत निवडावी हे शुद्ध पाण्याच्या उपयोगावरून ठरते, हा मुद्दा नागपूरच्या उदाहरणाच्या आधारे मांडला आहे.

सांडपाण्याचे स्वरूप आणि पारंपरिक प्रक्रियेची मर्यादा

नागरी सांडपाण्यात ९९.९ टक्के पाणीच असते. उरलेल्या अत्यल्प भागात सेंद्रिय पदार्थ, तरंगणारे व विरघळलेले घन पदार्थ, नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे, साबण व अपमार्जके, तेल, औषधांचे अंश आणि रोगजंतू यांचा समावेश होतो. सेंद्रिय प्रदूषणाचे मोजमाप जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजेच बीओडी, या मानाने केले जाते.

पारंपरिक शुद्धीकरण दोन टप्प्यांत होते. प्राथमिक टप्प्यात जाळ्या, वाळू-खड्यांचे कक्ष आणि निवळण टाक्या यांच्या साहाय्याने जड घटक वेगळे केले जातात. द्वितीयक टप्प्यात सूक्ष्मजीवांना हवा पुरवून त्यांच्याकडून सेंद्रिय पदार्थांचे विघटन करून घेतले जाते. हा जैविक टप्पा स्वस्त व परिणामकारक असून त्याला पर्याय नाही. तथापि, त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही घटक शिल्लक राहतातच. बारीक तरंगते कण, फॉस्फेट, विरघळलेले क्षार, जैविक विघटनास दाद न देणारी संयुगे आणि रोगजंतू हे त्यांपैकी प्रमुख होत. हे उरलेले घटक दूर करण्यासाठी ज्या प्रक्रिया योजल्या जातात, त्यांना तृतीयक किंवा प्रगत प्रक्रिया असे म्हणतात.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१९ मध्ये दिलेल्या आदेशात बीओडी प्रति लिटर १० मि.ग्रॅ., तरंगते घन पदार्थ २० मि.ग्रॅ., एकूण नायट्रोजन १० मि.ग्रॅ. व एकूण फॉस्फरस १ मि.ग्रॅ. अशा मर्यादांचा पुरस्कार केला. एवढी कठोर पातळी केवळ साध्या जैविक प्रक्रियेने गाठणे कठीण असल्यामुळे प्रगत पद्धतींचा विचार अपरिहार्य ठरतो.

प्रगत भौतिक पद्धती

(अ) निस्यंदन : जैविक प्रक्रियेनंतरचे पाणी वाळूच्या किंवा वाळू व अँथ्रासाइट कोळशाच्या दुहेरी थरातून गाळले जाते. वरचा थर भरड व हलका, तर खालचा बारीक व जड असल्यामुळे कण संपूर्ण खोलीत अडकतात आणि गाळणी लवकर तुंबत नाही. ठरावीक काळानंतर उलट दिशेने पाणी सोडून ती धुतली जाते. सर्वांत कमी खर्चाची आणि पुढील सर्व प्रक्रियांचा पाया असलेली ही पद्धत आहे.

(आ) पटल प्रक्रिया : येथे दाबाच्या साहाय्याने पाणी सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून जाते. अतिसूक्ष्म निस्यंदनाच्या पटलातील छिद्रे साधारणतः ०.०१ ते ०.१ मायक्रोमीटरची असतात; त्यामुळे जीवाणू व बहुतांश विषाणू अडतात, परंतु विरघळलेले क्षार पलीकडे जातात. क्षार अडविण्यासाठी व्यस्त परासरण, म्हणजेच घरोघरी परिचित झालेले 'आरओ' तंत्र वापरावे लागते. नैसर्गिक परासरणात पाणी कमी क्षारांकडून अधिक क्षारांकडे वाहते. परासरण दाबापेक्षा अधिक दाब दिल्यास ही दिशा उलटते.

या तंत्राची खरी किंमत सोडलेल्या पाण्यात दिसते. प्रति लिटर ८०० मि.ग्रॅ. क्षार असलेल्या १०० लिटर पाण्यापैकी ७५ लिटर शुद्ध पाणी मिळाले, तर जवळजवळ सर्व क्षार उरलेल्या २५ लिटरांत एकवटतात आणि त्यांचे प्रमाण सुमारे ३,२०० मि.ग्रॅ. होते. समुद्रकिनाऱ्यावरील शहराला हे क्षारयुक्त पाणी समुद्रात सोडण्याचा मार्ग तरी असतो. विदर्भासारख्या समुद्रापासून दूरच्या प्रदेशात ते नदीत अथवा जमिनीवरच जाते.

(इ) अधिशोषण : सक्रिय कार्बनच्या एका ग्रॅमला साधारणतः ५०० ते १,५०० चौरस मीटर इतके पृष्ठफळ असते. नारळाच्या करवंटीपासून किंवा कोळशापासून तयार केलेल्या या पदार्थाच्या छिद्रांत रंग, वास, कीटकनाशके व औषधांचे अंश धरून ठेवले जातात. कार्बन संपृक्त झाल्यावर तो उच्च तापमानाला पुनरुज्जीवित करावा लागतो किंवा बदलावा लागतो. त्यामुळे पाण्यातील बहुतांश सेंद्रिय भार आधीच कमी केलेला असेल, तरच ही पद्धत परवडते.

(ई) अतिनील किरण : २५४ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचे किरण सूक्ष्मजीवांच्या डी.एन.ए.ची हानी करून त्यांचे प्रजनन थांबवितात. यात कोणतेही रसायन पाण्यात मिसळत नाही. मात्र पाणी गढूळ असल्यास कणांच्या आड जंतू सुरक्षित राहतात. म्हणून आधी चांगले निस्यंदन अत्यावश्यक ठरते.

प्रगत रासायनिक पद्धती

(अ) किलाटन व फॉस्फरसचे अवक्षेपण : पाण्यातील अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर सारतात व खाली बसत नाहीत. तुरटी किंवा फेरिक क्लोराइड मिसळल्यास हा भार निष्प्रभ होतो, कण साकळतात आणि निवळतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरविण्याची घरगुती रीत याच तत्त्वावर आधारलेली आहे. सांडपाण्यात याच रसायनांमुळे विरघळलेला फॉस्फरस अविद्राव्य फॉस्फेटच्या रूपाने बाहेर पडतो.

या क्रियेचे परिमाण समजण्यासाठी एक गणित उपयुक्त ठरेल. अणुभारानुसार १ मि.ग्रॅ. फॉस्फरससाठी ०.८७ मि.ग्रॅ. ॲल्युमिनियम, म्हणजे सुमारे ९.६ मि.ग्रॅ. तुरटी (ॲल्युमिनियम सल्फेट) लागते. प्रत्यक्षात इतर अभिक्रियांमुळे किमान दीडपट मात्रा द्यावी लागते. प्रति लिटर ५ मि.ग्रॅ. फॉस्फरस १ मि.ग्रॅ. वर आणावयाचा असेल, तर प्रति लिटर सुमारे ५८ मि.ग्रॅ. तुरटी लागेल. दररोज १३० दशलक्ष लिटर पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रात याचा अर्थ दररोज सुमारे ७.५ टन तुरटी असा होतो. शिवाय त्यातून कोरड्या वजनाचा किमान २.७ टन रासायनिक गाळ रोज निर्माण होईल आणि पाण्याची क्षारीयता प्रति लिटर सुमारे २९ मि.ग्रॅ. ने घटेल. नदीत किंवा जलाशयात पाणी सोडावयाचे असल्यास हा खर्च सार्थ ठरतो, कारण फॉस्फरसमुळेच शेवाळ व जलपर्णी फोफावतात. पाणी शेतीला द्यावयाचे असेल, तर मात्र पिकाला उपयुक्त असलेले पोषणद्रव्य पैसे खर्चून काढून टाकण्यासारखे ते होईल.

(आ) क्लोरिनीकरण : निर्जंतुकीकरणाची ही सर्वाधिक रूढ पद्धत होय. तथापि, पाण्यात अमोनिया असल्यास क्लोरीन प्रथम त्याच्याशी संयोग पावून क्लोरामाइन तयार करतो. अमोनिया पूर्णपणे नष्ट करण्यासाठी १ भाग अमोनिया-नायट्रोजनला सैद्धांतिकदृष्ट्या ७.६ भाग क्लोरीन लागतो. प्रति लिटर २० मि.ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजन असलेल्या १३० दशलक्ष लिटर पाण्याला दररोज जवळजवळ २० टन क्लोरीन लागेल! हे अव्यवहार्य आहे. म्हणूनच अमोनिया जैविक टप्प्यातच नायट्रीकरणाने दूर करणे श्रेयस्कर ठरते. जैविक टप्प्यातील उणीव रासायनिक टप्प्यात भरून काढू पाहिल्यास खर्च किती वाढतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. याशिवाय सेंद्रिय पदार्थांशी क्लोरीनचा संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी घातक संयुगे तयार होण्याचा धोका असतो.

(इ) ओझोन व प्रगत ऑक्सिडीकरण : ओझोनचे ऑक्सिडीकरण विभव २.०७ व्होल्ट असून क्लोरीनचे १.३६ व्होल्ट आहे. ओझोन व हायड्रोजन पेरॉक्साइड, अतिनील किरण व पेरॉक्साइड किंवा फेरस क्षार व पेरॉक्साइड यांच्या संयोगातून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतो. त्याचे विभव सुमारे २.८ व्होल्ट आहे. हा मूलक क्षणभंगुर असला तरी औषधे, रंगद्रव्ये व कीटकनाशके यांसारख्या चिवट रेणूंवर तो तुटून पडतो. फेरस क्षारांवर आधारित फेंटन प्रक्रिया सुमारे ३ सामू असताना उत्तम चालते. म्हणजे आधी आम्ल व नंतर अल्क मिसळावे लागते. हे औद्योगिक सांडपाण्याच्या मर्यादित प्रवाहाला शक्य आहे. संपूर्ण शहराच्या प्रवाहाला ते परवडणारे नाही.

(ई) आयन विनिमय : रेझिनच्या कणांवरील सोडियम आयनांच्या बदल्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम घेऊन पाणी मृदू करता येते. रेझिनच्या पुनरुज्जीवनासाठी मिठाचे द्रावण लागत असल्याने येथेही क्षारयुक्त टाकाऊ पाण्याचा प्रश्न उरतोच.

वरील सर्व पद्धतींत एक समान धागा आढळतो. कोणतीही पद्धत प्रदूषक पूर्णतः नाहीसे करतेच असे नाही. अनेकदा ती त्याला पाण्यातून काढून गाळात, क्षारयुक्त द्रवात किंवा संपृक्त कार्बनमध्ये स्थलांतरित करते.

नागपूर-कोराडी प्रकल्प : उपयोगानुसार निवड

नागपूर शहरात दररोज पाचशे दशलक्ष लिटरांहून अधिक सांडपाणी निर्माण होते. पेंच प्रकल्पाचे पाणी शहर, शेती आणि वीज केंद्रे या तिघांनाही हवे असते. या पार्श्वभूमीवर २००८ मध्ये नागपूर महानगरपालिका आणि महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनी, म्हणजेच महानिर्मिती, यांच्यात सामंजस्य करार झाला. त्यानुसार भांडेवाडी येथे दररोज १३० दशलक्ष लिटर क्षमतेचे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले आणि शुद्ध केलेले पाणी नळवाहिनीने कोराडीला जाऊ लागले. केंद्र सरकारच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानातून या कामाला साहाय्य मिळाले. महानगरपालिकेला सांडपाण्याचा मोबदला मिळतो, ही या कराराची लक्षणीय बाजू आहे. पुढे भांडेवाडी येथेच २०० दशलक्ष लिटर क्षमतेचे केंद्र खाजगी भागीदारीतून कार्यान्वित झाले.

कोराडी येथे ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत. पर्यावरण मंत्रालयाच्या डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेनुसार शीतकरण मनोरे असलेल्या तत्कालीन केंद्रांसाठी पाणीवापराची मर्यादा प्रति मेगावॅट-तास ३.५ घनमीटर ठरविण्यात आली. १,९८० मेगावॅटचे हे संच पूर्ण क्षमतेने चालल्यास या मर्यादेनुसार त्यांना दररोज कमाल १६६ दशलक्ष लिटर पाणी लागू शकते. १३० दशलक्ष लिटर शुद्ध सांडपाण्याचे महत्त्व यावरून ध्यानात येईल. जेवढे पाणी येथे वापरले जाते, तेवढे पेंचचे पाणी अन्य गरजांसाठी मोकळे होते. जुलै २०१९ मध्ये पेंचचा साठा खालावल्याने नागपूर शहरावर एक दिवसाआड पाणीपुरवठ्याची वेळ आली होती. अशा वर्षी सांडपाण्याचा स्रोत पावसावर तुलनेने कमी अवलंबून असतो, हा त्याचा मोठा गुण ठरतो.

शीतकरण मनोऱ्याला पिण्यायोग्य पाण्याची गरज नसते. मात्र त्याच्या स्वतःच्या काही अटी असतात. अमोनियामुळे तांब्याच्या मिश्रधातूंच्या नळ्या गंजतात. फॉस्फेट व काठिण्य यांमुळे पुटे चढतात. सेंद्रिय अंशामुळे जैविक चिकटा वाढतो. मनोऱ्यात पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात आणि म्हणून काही पाणी सतत बाहेर सोडावे लागते. क्षार तिप्पट होईपर्यंत पाणी फिरविल्यास १०० भाग बाष्पीभवनासाठी १५० भाग पाणी लागते. पाचपट होईपर्यंत फिरविल्यास १२५ भाग पुरते. याचा अर्थ फॉस्फेट व काठिण्य जितके कमी, तितके तेच पाणी अधिक वेळा वापरता येते आणि एकूण गरज घटते. म्हणजेच येथे नायट्रीकरण, किलाटन, निस्यंदन व निर्जंतुकीकरण यांना प्राधान्य आहे. सर्व पाणी व्यस्त परासरणातून नेण्याचे प्रयोजन नाही. तसे केले असते, तर ७५ टक्के प्राप्तीच्या हिशेबाने १३० पैकी ३२ दशलक्ष लिटरांहून अधिक पाणी क्षारयुक्त होऊन वाया गेले असते.

याउलट मुंबईतील चेंबूर येथील राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या कारखान्याचे उदाहरण पाहता येईल. तेथे नागरी सांडपाण्यावर जैविक प्रक्रिया व निस्यंदन करून ते पुढे व्यस्त परासरणाच्या पटलातून नेले जाते, कारण खतनिर्मितीच्या प्रक्रियेला अल्प क्षारांचे पाणी लागते. सिंगापूरने २००३ पासून 'न्यूवॉटर' या नावाने सूक्ष्म निस्यंदन, व्यस्त परासरण व अतिनील किरण या क्रमाने शुद्ध केलेले पाणी प्रामुख्याने उद्योगांना पुरविले. नामिबियातील विंडहूक शहरात १९६८ पासून शुद्ध केलेले सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले जाते. या चारही ठिकाणी कच्चा माल एकच आहे. उपयोग भिन्न असल्याने प्रक्रियाही भिन्न आहेत.

केंद्र सरकारच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात नागरी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक विद्युत केंद्रांनी शुद्ध केलेले सांडपाणी वापरणे बंधनकारक करण्यात आले. नागपूरचा प्रयोग या धोरणाच्या आधी झाला, हे विशेष होय.

उरलेले प्रश्न

या यशामुळे नाग नदीचा प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही. शुद्धीकरण केंद्रापर्यंत न पोहोचणारे सांडपाणी नाल्यांतून नदीतच जाते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर येथे नाग नदी प्रदूषण निवारण प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्याचा अपेक्षित खर्च १,९२५ कोटी रुपयांहून अधिक आहे. सांडपाणी वाहिन्यांच्या जाळ्याअभावी कितीही प्रगत प्रक्रिया निरुपयोगी ठरते, हा धडा यातून मिळतो.

दुसरा प्रश्न हक्काचा आहे. शहराबाहेर नदीकाठचे शेतकरी पूर्वापार या पाण्यावर पिके घेतात. शुद्ध पाणी वीज केंद्राकडे वळविले की त्यांच्या वाट्याचा प्रवाह कमी होतो आणि मागे उरते ते अधिक दूषित पाणी. पेंचचे जे पाणी मोकळे होते, ते कोणाला मिळावे, याचा निर्णयही तंत्रज्ञानाच्या कक्षेबाहेरचा आहे. शुद्धीकरणाच्या नियोजनात खालच्या अंगाच्या गावांना स्थान असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट यांसारखी लहान शहरे किंवा आर्वी तालुक्यातील रोहण्यासारखी गावे यांना नागपूरचे अनुकरण जसेच्या तसे करता येणार नाही. येथे मोठा औद्योगिक ग्राहक जवळ असेलच असे नाही. शुद्ध पाण्याचा स्वाभाविक ग्राहक शेती हाच आहे. शेतीसाठी नायट्रोजन व फॉस्फरस काही प्रमाणात उपकारक आहेत; मात्र रोगजंतू व क्षार घातक आहेत. त्यामुळे अल्प खर्चाची जैविक प्रक्रिया, त्यानंतर वाळूचे निस्यंदन आणि शेवटी निर्जंतुकीकरण हा क्रम येथे उचित ठरेल. पाणी थेट नदीपात्रात सोडावयाचे असेल, तेव्हाच रासायनिक अवक्षेपणाची जोड द्यावी. नागपूर येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली आणि १९७४ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजेच नीरी, या नावाने ओळखली जाणारी संस्था जवळ असल्याने तांत्रिक मार्गदर्शनाची सोयही आहे.

महाविद्यालयांनाही यात वाटा उचलता येईल. सहा चंचुपात्रांत तुरटीच्या वेगवेगळ्या मात्रा घालून, ढवळून व निवळू देऊन योग्य मात्रा ठरविण्याची चाचणी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहज करता येते. गावातील नाल्याचे पाणी ऋतूनुसार तपासून त्याचा सामू, गढूळपणा, क्लोराइड व बीओडी यांची सलग नोंद ठेवल्यास भावी प्रकल्पाला विश्वसनीय आधार मिळेल. अर्थशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी पाण्याचा ग्राहक कोण व प्रवाह घटल्यास नुकसान कोणाचे, याचा अभ्यास केल्यास हा विषय खऱ्या अर्थाने बहुविद्याशाखीय होईल.

निष्कर्ष

१. प्रगत भौतिक व रासायनिक पद्धती जैविक प्रक्रियेला पूरक आहेत. तिची जागा त्या घेऊ शकत नाहीत.

२. प्रत्येक पद्धत विशिष्ट घटक दूर करते. म्हणून आधी पाण्याचा उपयोग निश्चित करून नंतर पद्धत निवडणे इष्ट होय.

३. गाळ व क्षारयुक्त द्रव यांची विल्हेवाट हा प्रक्रियेचाच भाग मानून खर्चाचा अंदाज करावा.

४. नागपूर-कोराडी प्रकल्पाने सांडपाणी हा खात्रीचा जलस्रोत व महानगरपालिकेच्या उत्पन्नाचे साधन होऊ शकते, हे सिद्ध केले आहे. तथापि, सांडपाणी वाहिन्यांचे जाळे पूर्ण झाल्याशिवाय नदी शुद्ध होत नाही, हेही त्याच शहराने दाखवून दिले आहे.

५. प्रकल्पाचे मूल्यमापन केवळ शुद्ध केलेल्या लिटरांत न करता, नदीच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला कोणते पाणी येते, या कसोटीवरही केले जावे.